हात कशाला पाहिजे

सरांच्या नांदेडच्या दवाखान्यात मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला पहिलं काम सांगितलं ते पायजम्यात नाडा ओवायचं. मी हाडांचा डॉक्टर झालो होतो, वर खांद्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून कशी करायची याचं वर्षभर वेगळं शिक्षण घेतलं होतं. प्रमाणपत्रांची फाईल काखेत होती. सरांनी ती उघडलीही नाही. ओपीडीच्या कपाटातून एक पांढरा पायजमा काढला, सेफ्टी पिन माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "नाडा आत गेलाय. पेशंट ताटकळून राहिलाय. ओव लवकर."

मला दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ सर घड्याळाकडे बघत होते आणि पेशंट माझ्याकडे. पेशंट म्हणजे मुदखेडकडचे एक निवृत्त मास्तर, सोबत बायको आणि सून. नव्या डॉक्टरला हेच काम दिलेलं असतं अशी त्यांची समजूत झाली असावी, कारण सूनबाईंनी मला पिनेला नाडा कसा अडकवावा ते हळूच सांगितलं.

नाडा ओवून झाल्यावर सरांनी पायजमा टेबलावर पसरला आणि मास्तरांना त्यांचा खांदा समजावून सांगितला. दंडाची जी बेटकुळी असते, तिचा एक लांब नाडा वर जातो. हाडाच्या खोबणीतून सरकत तो थेट खांद्याच्या सांध्यात शिरतो. सांध्याभोवती चार स्नायूंच्या पट्ट्यांचं कडं असतं, तो झाला नेफा. वयानं, ओझ्यानं, पडण्यानं नेफा फाटला की नाडा घासायला लागतो, त्याचे दोरे निघतात, आणि माणूस समोरून खांदा दाबत दवाखान्यात येतो. नेफा तर शिवायचाच आहे. प्रश्न नाड्याचा. चांगला असला तर तसाच ठेवायचा. विरला असला तर कापून मोकळा करायचा, दुखणं तिथंच संपतं. नाहीतर कापून खाली हाडाला बांधून टाकायचा. कापलं तर काम झटपट होतं, पण बेटकुळी कधी कधी खाली घसरते आणि पिळायच्या कामात हात उलुसा, म्हणजे थोडासा, कमी पडतो. बांधलं तर ताकद टिकते, पण सांभाळावं लागतं.

एवढं सांगून सर मास्तरांकडे वळले आणि त्यांचा तो ठरलेला प्रश्न विचारला. "आता सांगा. हात कशाला पाहिजे?"

मास्तर गोंधळले. हात कशाला पाहिजे असं त्यांना आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. सुनेनं तोंडाला पदर लावला. मास्तरीण बाईंना मात्र हा प्रश्न फार आवडला. त्या म्हणाल्या, "विचारा, विचारा. तीस वर्षं झाली, मीबी हेच विचारून राहिले."

सर मूळचे देगलूरचे. घरची शेती, भाऊ अजून तिकडेच कसतात. बोलताना एका वाक्यात मराठी, दख्खनी आणि तेलुगू तिन्ही यायच्या, आणि कोणती कधी येईल याचा नेम नसायचा. पेशंटला मराठीत समजावायचे, औषध कंपनीच्या माणसाला दख्खनीत हाकलायचे आणि थिएटरात पडद्यावर दिसणाऱ्या नाड्याशी तेलुगूत बोलायचे. "मेल्लगा, मेल्लगा," म्हणजे हळू, हळू. मी सुरुवातीला समजायचो की मला सांगतायत. नंतर कळलं की मला सांगायचं असलं की ते 'ए लातूर' म्हणतात.

मी लातूरचा. ही गोष्ट सरांना कळली तेव्हापासून माझं बारशाचं नाव नांदेडात कोणाच्या कानावर पडलंच नाही. लातूरचा म्हणजे पाठ करून पास झालेला, असं त्यांचं पक्कं मत. मी एखाद्या शोधनिबंधातली टक्केवारी सांगितली की ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "पेपरात हात न्हाई, लातूर. हात बाहेर बाकड्यावर बसलाय."

बाकड्यावरच्या हातासाठी त्यांनी ओपीडीचा अर्धा भाग अडवला होता. परात आणि लाटणं, सायकलचा पंप, कुदळीचा दांडा, पाटा-वरवंटा, फळीला बसवलेले चार मोठे स्क्रू आणि पेचकस, आणि कोपऱ्यात गव्हाचं अर्धं पोतं. गवंडी आला तर त्याला थापी फिरवायला लावायचे. पंक्चरवाला आला तर पंप मारायला. स्वयंपाकाची कामं करणाऱ्या बाईला खरंच पीठ मळायला बसवायचे आणि दुपारी सिस्टर त्याच्या पोळ्या लाटायच्या. नवीन माणूस दारातून डोकावून परत जायचा, चुकून दुसऱ्या दुकानात आलो म्हणून. एमआरआयची फिल्म सर शेवटी बघायचे. "हा फोटो हाय," म्हणायचे, "फोटोतला माणूस पाणी शेंदत न्हाई."

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ते एक चिठ्ठी लिहून खिशात ठेवायचे. 'बांध. गवंडी, अजून दोन पोरींची घरं बांधायची हायत.' 'काप. वय झालं, हात फक्त चहाचा कप धरायला, लवकर घरी जाऊ द्या.' आत गेल्यावर कधी नाडा अपेक्षेपेक्षा वाईट निघायचा, कधी चांगला, तेव्हा चिठ्ठी बदलायची. पण चिठ्ठीशिवाय सरांनी कोणाच्या खांद्याला हात लावलेला मी पाहिला नाही.

पायजम्याच्या या शिकवणीतून एकदा मोठी गंमत झाली. किनवटकडचा एक शेतकरी होता, झाडावरून पडलेला. सोबत त्याचा मेव्हणा. सरांनी दोघांना नेहमीप्रमाणे नेफा, नाडा सगळं दाखवलं, आणि याचा नाडा बांधायचा असं ठरलं. आपल्याकडे ऑपरेशनचं बरंच सामान नातेवाइकांनीच मेडिकलमधून आणायचं असतं, तशी सिस्टरनं मेव्हण्याला यादी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हण्यानं पिशवी माझ्या हातात दिली. सुया, सलाईन, हातमोजे सगळं यादीप्रमाणे होतं. वर एक नवाकोरा पांढरा नाडा.

"यादीत नव्हता," तो म्हणाला, "सिस्टर विसरल्या वाटतं. सुती घेतलाय, नायलॉनचा सुटतो."

मी तोंड फिरवून हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी नाडा बोटांत धरून ताणून बघितला, चांगला आहे म्हणाले आणि ठेवून घेतला. ऑपरेशन झाल्यावर बाहेर येऊन मेव्हण्याला नीट सांगितलं की माणसाचा नाडा माणसाचाच असतो, त्याचाच त्याला बांधलाय, तुम्ही आणलेला दवाखान्याच्या पायजम्याला लागला. मेव्हण्याला ते पटलं. उरलेलं सामान परत करायची सोय असते हे त्याला माहीत होतं, पण नाडा त्यानं परत मागितला नाही. मला मात्र नंतर ऐकून घ्यावं लागलं. "हसला कामून तू? तुझी टक्केवारी ऐकून कुण्या मेव्हण्यानं आजवर काय आणलंय का?"

दुसरी गोष्ट उदगीरकडच्या एका वस्तादांची. तालमीत पोरं घडवून घडवून खांद्याचा नेफा पार फाटलेला. पासष्टीच्या पुढचा माणूस, पण दंड असा की रक्तदाबाचा पट्टा पुरेना. हात कशाला पाहिजे म्हटल्यावर वस्तादांनी विचार करून उत्तर दिलं की मिशीला पीळ द्यायला आणि पोरांच्या पाठीवर थाप मारायला. सरांनी मिशीला पीळ द्यायला लावला, माझ्या पाठीवर थाप मारायला लावली. मी दोन दिवस उजवीकडे वळून झोपलो. चिठ्ठी निघाली, 'काप.' माझ्या जिल्ह्याचा माणूस म्हणून मी त्यांना वेगळं बसवून सांगितलं की बेटकुळी खाली घसरून दंडात गोळा दिसू शकतो, विचार करा. ते म्हणाले, दिसू द्या.

चार महिन्यांनी वस्ताद आले ते बिनबाह्यांचा बनियन घालून. उजव्या दंडात खाली चांगला लिंबाएवढा गोळा उतरला होता. मी माफी मागायच्या तयारीत होतो. वस्ताद म्हणाले, तालमीतली पोरं हात लावून बघायला येतात, गावात बोलबाला झालाय, एवढ्या वयात वस्तादांनी दंड वाढवला. दुखणं गेलंय, थाप पूर्वीसारखी बसते. आता डाव्याचंबी करून टाका.

डावा खांदा ठणठणीत होता. सरांनी त्यांना तासभर समजावलं. पायजमा काढला, परत घडी घालून ठेवला. वस्ताद हटेनात. पैसे रोख आणलेत म्हणाले. शेवटी सर म्हणाले, "दोन्हीकडं सारखं झालं तर ऑपरेशनचा हात कोणता, ते लोकायला कळंल कसं?" वस्तादांनी बराच वेळ विचार केला, मग बनियनवर शर्ट चढवला आणि समाधानानं उदगीरला गेले.

अशा माणसाच्या विक्षिप्तपणाची आपल्याला सवय होते. सरांच्या खोलीतली कोट अडकवायची खुंटी कमरेएवढ्या उंचीवर होती. केस विंचरताना ते मान खाली घालून डोकं कंगव्याकडे न्यायचे. थिएटरात टेबल इतकं खाली घ्यायचे की मला वाकून वाकून पाठदुखी लागली. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी ओढायचा मान दरवर्षी सिस्टरला द्यायचे, आणि आम्ही म्हणायचो, किती मोठं मन. कपाटाच्या वरच्या फळीवरची वस्तू मागायची झाली तर ती खाली का ठेवली नाही म्हणून आधी भांडण व्हायचं. हा सगळा स्वभाव आहे असं मी धरून चाललो होतो.

मग एका दुपारी मी न सांगता त्यांच्या खोलीत शिरलो. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला सर उभे होते. डाव्या हातानं उजव्या हाताचं कोपर धरून ते उजवा हात वर ढकलत होते, घागर डोक्यावर चढवावी तसे. हात कानापर्यंत गेला आणि खाली पडला. सर पुटपुटले ते तेलुगूत होतं आणि भलं नव्हतं.

मी दारातच उभा राहिलो. खुंटी, कंगवा, टेबल, झेंडा, एकेक आठवत गेलं आणि माझी मलाच लाज वाटली. रोज दहा खांदे तपासणारा मी, आणि शेजारचा अकरावा खांदा दोन वर्षं मला स्वभाव वाटत होता.

एमआरआय झाला. नेफा फाटलेला, नाडा विरलेला. लोकांनी हैदराबाद सुचवलं, पुणे सुचवलं. देगलूरहून भाऊ आले आणि त्यांनीही हैदराबादच सांगितलं. सर म्हणाले लातूर करील. भावांना वाटलं हे लातूरला जाऊन करणार. खुलासा झाल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझी प्रमाणपत्रांची फाईल घरून आणावीशी वाटली.

पण खरं सांगतो, सरांचा हात त्यांच्यापेक्षा जास्त मला पाहिजे होता. अवघड खांदा आला की ते माझ्यामागे उभे असायचे. ते नसले की मी असे खांदे पुढे ढकलायचो. हाडात स्क्रू पिळण्यात ज्याचं आयुष्य गेलं आणि ज्यानं अजून पाच-सात वर्षं पिळावेत अशी माझी इच्छा, त्याचा नाडा बांधायचा यात मला काही शंकाच नव्हती. अशा माणसाचा बांधायचा, हे सरांनीच शिकवलं होतं.

आदल्या दिवशी संमतीपत्र घेऊन गेलो तर त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'काप.'

मी म्हणालो की तुमच्या नियमानं आधी प्रश्न, मग चिठ्ठी. ते म्हणाले, विचार. मी विचारलं, हात कशाला पाहिजे. "जेवायला अन् सही करायला," सर म्हणाले, "बास." मग मला त्या दोन्ही गोष्टी करून दाखवल्या. लाडू खाल्ला आणि सही केली. मी थिएटरचं काय म्हणून विचारलं तर लाडवाचा डबा माझ्यापुढे सरकवला. मला ते उत्तर खोटं वाटलं, पण एवढ्या मोठ्या माणसाला खोटं बोलताय असं तोंडावर म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी पूर्ण भूल घ्यायलाही नकार दिला. मानेजवळ इंजेक्शन देऊन नुसता हात बधिर करायचा, म्हणजे जागं राहून पडदा बघता येतो. आमच्या भूलवाल्या मॅडम नांदेडात कोणाचं ऐकत नाहीत, पण त्यांनी हे कबूल केलं. आरामखुर्चीत बसल्यासारखे सर बसले, खांद्यावर हिरवं कापड आलं, आणि मी दुर्बीण आत घातली तशी सूचनांना सुरुवात झाली. कॅमेरा वाकडा धरलास. पाणी वाढव. पुढं जा. जरा थांब, हे बघू दे. स्वतःचा फाटलेला नेफा बघून त्यांनी "कायच राहिलं न्हाई रे" असं म्हटलं, ते इतक्या परक्यासारखं की जणू बाकड्यावरच्याच कोणाचा खांदा. मॅडमनी दोनदा गप्प राहायला सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या की झोपेचं औषध हातात भरून तयार आहे. तेव्हा सर पाच मिनिटं गप्प बसले.

मग पडद्यावर नाडा आला. सांध्याजवळ त्याचे दोरे सुटले होते, पण खाली खोबणीत तो चांगला होता, जाड, पांढरा. बांधता येण्यासारखा. मी कापायचं हत्यार आत घेतलं आणि थांबलो.

"काप," सर म्हणाले.

"बांधता येईल, सर."

"दिसतंय मला. काप."

माझा हात पुढे जाईना. समोर संमतीपत्र होतं, त्यावर त्यांचं अक्षर होतं, आणि तरी मला माहीत होतं की हे उत्तर लाडवाचं आहे. मी म्हणालो, "सर, खरं सांगा. हात कशाला पाहिजे?"

ते म्हणाले, कॅमेरा हलतोय. मी परत विचारलं. मॅडम म्हणाल्या की बधिरपणा बराच वेळ टिकतो, त्यांना घाई नाही. सिस्टर पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"धुणं पिळायला," सर म्हणाले.

कोणी हसलं नाही. आम्हाला वाटलं ते चिडून बोलले. पण सर बोलतच राहिले, आधी हळू, मग आमच्याकडे न बघता. काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, आमवात आहे हे आम्हाला माहीत होतं, बोटं वाकडी झालेली आम्ही पाहिली होती. मशीनमधली साडी गोळा होऊन निघते म्हणून काकूंना चालत नाही. कामवाल्या बाई साबण ठेवतात म्हणून त्यांचं पिळलेलं चालत नाही. तर सहा वर्षं झाली, सर रोज सकाळी गच्चीवर जाऊन काकूंची सुती साडी पिळतात. भावांना कळलं तर देगलूरात तोंड दाखवायला जागा राहायची नाही, म्हणून टाकीच्या आडोशाला उभं राहून.

"कापलं की पंधरा दिवसांत पिळाया लागतो," सर म्हणाले. "बांधलंस तर लई दिवस जातील. मी असा पडून राहिलो की ती स्वतः पिळती. मागच्या दिवाळीत मला ताप आला तं पिळली तिनं. दोन महिने तिला घास तोंडात घालता आला न्हाई. मी भरवला." थोडं थांबून म्हणाले, "तिचे हात जायला न्हाई पाहिजेत, लातूर. माझ्याचं काय बी कर."

माझे डोळे भरले. मास्कच्या वर तेवढंच दिसतं, म्हणून मी पडद्याकडे बघत राहिलो. आणि पडद्यावर बघता बघता माझ्या लक्षात आलं की सर चुकलेत. साधी, बाकड्यावरच्या कोणत्याही पेशंटला सुचावी तशी चूक.

"सर," मी म्हणालो, "नाडा कापला तरी नेफा शिवायचाच आहे ना? शिवलेल्या नेफ्यावर पंधरा दिवसांत ओली साडी पिळणार?"

तीस वर्षांत सरांनी किती लोकांना यावरून झापलं असेल. तीन महिने पाण्याची बादली उचलायची नाही, घागर नाही, पिळणं तर नाहीच, हे त्यांचंच छापील पत्रक. ते कोणाला तरी द्यायचं असतं, आपण वाचायचं नसतं, असं त्यांचं झालं होतं.

"कापा नाहीतर बांधा, तीन महिने दोन्हीकडे जाणार," मी म्हणालो. "कापलं तर पुढची वीस वर्षं पिळताना दंडात वांब येतील. तीन महिने मी येतो पिळायला."

"तू?"

"रोज. ओपीडीच्या आधी."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. सरांनी डोळे मिटून घेतले. संमतीपत्रावर खाडाखोड करायला डावा हात मोकळा होता, सिस्टरनी पेन दिला, आणि त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरात 'काप' खोडून 'बांध' लिहिलं. मग मला म्हणाले, "कॅमेरा सरळ धर. अन् खाली पक्कं हाड बघून बांध, घाई करू नको."

मी बांधला. नेफा शिवला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला खांदा, आणि त्याबद्दल सर फक्त एवढंच म्हणाले की वेळ फार लावलास.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. काकूंनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, मग म्हणाल्या, "तुमच्या घरी म्हाईत हाय का, डॉक्टर?" घरी मी सांगितलं होतं की सरांना तपासायला जातोय. ते खोटं नव्हतं. गच्चीवर टाकीच्या आडोशाला सर हात झोळीत घालून आधीच उभे होते.

साडी पिळणं हे मी समजत होतो त्यापेक्षा फार अवघड काम आहे. पहिल्या दिवशी मी ती मध्येच धरून पिळली आणि सगळं पाणी माझ्या पँटवर आलं. दुसऱ्या दिवशी टोकाकडून सुरुवात केली तर काठाचे दोरे निघाले. सर झोळीतून सूचना देत होते, खांद्यानं नाही, मनगटानं, आधी घडी घाल, मग दुमड, मग पीळ. थिएटरात ते मला इतकं कधीच बोलले नव्हते. काकू खुर्चीवर बसून बघत असायच्या. पिळलेली साडी वाकड्या बोटांनी चाचपायच्या आणि म्हणायच्या, "पाणी राहिलं." मी परत पिळायचो. तीन महिन्यांत लातूरचा एक सुशिक्षित हाडवैद्य रोज नापास होऊन ओपीडीला जायचा. तिथं लोक मला मोठा डॉक्टर म्हणायचे आणि माझे तळहात सोलवटलेले असायचे.

तीन महिने होऊन वर पंधरा दिवस झाले तेव्हा मी त्यांचा हात तपासला. वर गेला, पूर्ण. मुठीत ताकद होती. रविवार होता. सर म्हणाले, दे इकडे. त्यांनी साडीची घडी घातली, दुमडली आणि पिळली. सावकाश, एका दमात, चेहऱ्यावर कसलाही भाव न आणता. बादलीत पाण्याची धार पडत राहिली, मग थेंब, मग थेंबही थांबले. काकूंनी साडी चाचपली आणि काही बोलल्या नाहीत. त्यांनी ती छातीशी धरली आणि पुसता येत नाही म्हणून डोळे तसेच वाहू दिले.

मला इतका आनंद झाला की मी लगेच म्हणालो, "सर, तुमच्यासाठी थांबवलेले दोन अवघड खांदे उद्या आहेत. येताय ना?"

"न्हाई रे," सर म्हणाले.

मला वाटलं अजून आठवडाभर विश्रांती पाहिजे असेल. मी तसं म्हणालो. त्यांनी काकूंच्या हातातून साडी घेतली, एकदा झटकली आणि तारेवर टाकली.

"साठी उलटलेला हात हाय, शिवलेला. तू चांगला शिवलास, पण किती दिवस पुरंल ते तुलाबी म्हाईत हाय अन् मलाबी. खांदे करायला तुझ्यासारखे मिळतील. हिला पिळायला दुसरं कोण हाय?"

"मी आहे की," मी म्हणालो.

सरांनी तारेवरची साडी सरळ केली. माझ्याकडे बघून पहिल्यांदाच मला लातूर न म्हणता माझ्या नावानं हाक मारली, आणि म्हणाले की तू काठ उसवतोस.

दुसऱ्या दिवशीचे दोन्ही खांदे मी एकट्यानं केले. एकाचा कापला, एकाचा बांधला. दोन्ही चांगले झाले, आणि दोन्ही वेळा मला सरांचा फार राग आला.